सांबार उघडा राहू देऊ नका

थंडीला अरेतुरे करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती अमरावतीतली आमची घरमालकीण होती. बाकीची माणसं थंडी पडली की शाल काढतात, सर्दी झाली तर हवेला दोष देतात आणि गप्प बसतात. आमच्या घरमालकीणबाई गप्प बसत नसत. डिसेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी उत्तरेकडून बोचरा वारा सुटला की त्या मागच्या अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या राहत आणि वाऱ्याकडे तोंड करून म्हणत, "ये. ये तू. पाहू कोन जिंकते तं!" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुंपणापलीकडे कोणीतरी भांडायला आलं आहे. मी सोडवायला म्हणून धावत मागं गेलो. तिथं बाई, त्यांची झाडं आणि वारा यांच्याखेरीज कोणी नव्हतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आलेच हा तं ते डालं द्या इकडं." कोंबड्या झाकायचं ते बांबूचं डालं मी त्यांच्या हातात दिलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या सैन्यात मी कायमचा भरती झालो.

माझी नोकरी जमीन मोजणीची. अकोल्याहून अमरावतीला बदली झाली तेव्हा लग्न व्हायचं होतं, म्हणून दोन खोल्यांचं घर शोधत होतो. बाईंकडे गेलो तर त्यांनी घर दाखवायच्या आधी मला मागच्या अंगणात नेलं. खाली वाकून एका झाडाचं पान तोडलं, बोटांत चुरगळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. "सांगा, कायचा वास येऊन राह्यला?" पान लांबट, जाडसर, कडेला करवतीसारखे दाते असलेलं, असलं पान मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण वास ओळखीचा होता, नेहमीच्या दसपट. मी म्हणालो, "सांबाराचा." बाई म्हणाल्या, "राहा." माझ्या आधी आलेल्या एका प्राध्यापकांनी या प्रश्नाला "ढेकणाचा" असं प्रामाणिक उत्तर दिलं होतं. त्यांना पुढं दुसऱ्या गल्लीत घर बघावं लागलं.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी इथंच सांगून टाकतो. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबर मिळतं ते सांबार आम्हीही हॉटेलात खातो, पण ते सांबार नपुंसकलिंगी आणि अंगणात लावतो तो सांबार पुल्लिंगी. शाळेत असताना व्याकरणाच्या बाईंनी लिंगविचार शिकवला तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. त्याची शिक्षा मला बत्तिसाव्या वर्षी मिळाली, ती पुढं येईलच.

बाई सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. उंची पाच फुटांना थोडी कमी, पण आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा पेशंट उठून बसत असे. हे त्यांनीच मला सांगितलं आणि लगेच प्रात्यक्षिकही दाखवलं. समोरच्या घरातला माणूस खरोखरच बाहेर येऊन बघून गेला. त्यांच्याबरोबर केरळातल्या एक सिस्टर वर्षानुवर्षं नोकरीला होत्या. त्या निवृत्त होऊन गावी निघाल्या तेव्हा सलाइनच्या कापलेल्या बाटलीत लावलेलं हे रोप बाईंना देऊन गेल्या. कोथिंबीर आपली पेरली, कापली, संपली. हे झाड मात्र मुळावर जगतं आणि वर्षानुवर्षं पानं देत राहतं. बाईंनी वास घेतला आणि त्याला बारमाही सांबार असं नाव दिलं. केरळच्या सिस्टर म्हणाल्या, सांबार हे नाव असं कुठल्याही झाडाला देता येत नाही, सांबार ही शिजवायची गोष्ट आहे. बाई म्हणाल्या, ते तुमच्याकडं. या मुद्द्यावर दोघींचा वाद स्टेशनवर गाडी हलेपर्यंत चालला, आणि गाडी हलल्यावर दोघी रडल्या.

आता अडचण अशी की हे झाड पडलं उबदार, दमट मुलखातलं. आमच्या उन्हाळ्यात ते न्हाणीच्या मागच्या ओल्या सावलीत कसंबसं तग धरायचं, पण डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीनं पानं काळी पडून बसायचं. शहाण्या माणसानं असं झाड सोडून दिलं असतं. विशेषतः हिवाळ्यात तर त्याची कोणाला गरजच नव्हती, कारण हिवाळ्यात अमरावतीच्या बाजारात सांबाराचे ढीग लागतात, भाजीवाला दोन वांगी घेतली तरी वर मूठभर सांबार पिशवीत कोंबतो, आणि घरोघरी सांबाराचं सारण भरून सांबारवड्या तळल्या जातात. बाई भाजीवाल्याचा हात जागच्या जागी धरत. "तो टाकू नका पिशवीत. माह्या घरी हाय." भाजीवाला म्हणे, "सिस्टर, फुकट देऊन राह्यलो ना." त्यावर बाई म्हणत, "फुकट हाय म्हून तं नाई पाह्यजे." मी एकदा त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला की हिवाळ्यात ढिगानं मिळणारी वस्तू हिवाळ्यातच एवढ्या कष्टानं जगवण्यात हशील काय. त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "मे महिन्यात बाजारात सांबार भेटते का तुमाले? नाई ना? मे महिन्यात पाह्यजे असन तं जानेवारीत जिता ठेवा लागते. येवढं कळत नाई अन् जमिनी मोजता?" त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

मागचं अंगण हे अंगण नव्हतं, वॉर्ड होता. पुदिना, गवती चहा, मरवा आणि पानओवा हे जनरल वॉर्डात, भिंतीच्या कडेला. बारमाही सांबाराच्या सहा कुंड्या मात्र सिरीयस वॉर्डात, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीशी जिथं दिवसभर ऊन तापतं तिथं. प्रत्येक कुंडीला नंबर. झाडांना त्या झाडं म्हणत नसत, पेशंट म्हणत. सकाळी आठला राउंड. बुडाशी सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, जाड थर, देठांभोवती कापूस, कापसावर पट्टी, आणि पट्टी अशी सफाईदार की झाडानं पाय मोडून घेतला असावा. कोवळा फुलाचा दांडा दिसला की कात्रीनं उडवायचा, कारण "थंडीत लेकरं पैदा कराची हौस नाई पुरवाची, जीव मुळात ठेवाचा." पाणी दुपारीच, तेही कोमट आणि दोन वाट्यांच्या वर नाही. संध्याकाळी पाचला डाली, त्यांवर जुनी लुगडी, आणि उत्तरेच्या बाजूला तुराट्यांचा तट्टा. सकाळी उन्हं आली की सगळं उघडायचं. पेशंटला परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा नियम दारावर खडूनं लिहिलेला होता.

एका हिवाळ्यात त्यांनी ताप मोजायचा थर्मामीटर कुंडीच्या मातीत खोचला. बराच वेळ थांबून काढला, उजेडात धरून पाहिला आणि समाधानानं म्हणाल्या, "ताप नाई." मी त्यांच्या लक्षात आणून दिलं की या थर्मामीटरचे आकडे पस्तीसपासून सुरू होतात, माती दहावर असली काय नि पंधरावर असली काय, तो एकच उत्तर देणार. बाईंनी थर्मामीटर झटकला, डबीत ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी अकोल्याचे. तुमच्याकडं उलटा प्रॉब्लेम." अकोला हे गाव त्यांच्या मते बेचाळीसच्या वर राहत असे आणि तिथल्या माणसांना थंडी म्हणजे काय हे पुस्तकातूनच माहीत असे. आमच्या गावातही हिवाळ्यात हुडहुडी भरते, असं मी अनेकदा शपथेवर सांगितलं. त्या "असन बाप्पा" म्हणत आणि विषय बदलत. हे "असन बाप्पा" मला आजही झोंबतं.

त्यांच्या सांबारवडीबद्दलही लिहायला हवं, कारण ती खाऊन जिवंत असलेल्यांपैकी मी एक. बारमाही सांबाराचं पान चिवट आणि उग्र. साध्या कोथिंबिरीच्या मापानं ते सारणात घातलं की वडी तोंडात गेल्यावर डोळ्यांतून पाणी यायचं. बाई वाढून समोर बसत आणि चेहरा वाचत. एकदा बाई जात त्या बुद्धविहारातून चार बायका आल्या होत्या. पहिलीनं घास घेतला आणि पदर डोळ्यांना लावला. दुसरीनं कढी मागितली. तिसरीनंही कढी मागितली. बाई खूश होऊन मला म्हणाल्या, "पाहा, कढीबी संपली." मी त्या दिवशी अकरा वड्या खाल्ल्या. भीतीनं खाल्ल्या, हे मान्य करायला आता हरकत नाही. पण बाराव्या वडीसाठी मी नाही म्हणालो तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, आणि मला फार वाईट वाटलं.

बाईंचा मुलगा पुण्यात नोकरीला. चांगला, समंजस मुलगा, आईसारखाच बुटका आणि आईसारखाच हट्टी. मी राहायला येण्याच्या आधीच्या हिवाळ्यात बाईंना न्यूमोनिया झाला होता. दोन दिवस त्यांनी कोणाला कळू दिलं नाही, कारण त्या स्वतःच स्वतःचा ताप मोजून स्वतःच तक्ता लिहीत होत्या. तिसऱ्या दिवशी दूधवाल्यानं शेजाऱ्यांना हाका मारल्या म्हणून निभावलं. तेव्हापासून मुलाचं एकच म्हणणं होतं: आई, घर बंद कर आणि पुण्याला चल. दर रविवारी फोनवर हे म्हणणं, आणि जानेवारीत तो स्वतः येऊन तेच म्हणणं. मी आलो त्या वर्षी जानेवारीत माझ्यासमोरच मायलेकांची जुंपली. मुलगा म्हणाला, "आई, तुला इथं कोण आहे?" बाई म्हणाल्या, "सहा पेशंट हायेत." तो म्हणाला, "आई, ती झाडं आहेत. एखाद्या हिवाळ्यात मरतील." आणि तिथं बाईंचं डोकं फिरलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि मला साक्षीला ठेवून म्हणाल्या, "ज्या हिवाळ्यात हे माह्या हातून मरन, त्या हिवाळ्यात मी तुह्यासंगं पुन्याले येईन. जिते हायेत तवरोक ह्या घराचं नाव काढाचं नाई." मुलानं मान डोलावली. बाई दिलेला शब्द मोडत नाहीत, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तेव्हापासून त्या सहा कुंड्यांवर बाईंचं अमरावतीतलं सगळं आयुष्य टांगलेलं होतं, आणि संध्याकाळी पाच वाजता डाली घालताना मला हात जपून चालवावा लागे.

त्या वर्षी निभावलं. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. बायको साताऱ्याची. ती घरात येऊन अकराच दिवस झाले होते आणि डिसेंबराची थंडी नुकतीच दात दाखवायला लागली होती. झाडांची ओळख बाईंनी तिला करून दिली होती, पण "हे माहे पेशंट" एवढीच. हात लावायचा नाही हा नियम तिनं दारावर वाचला आणि कुंड्यांपासून चार हात लांबून चालायला लागली. रविवारी तिनं हौसेनं इडली आणि सांबार केलं आणि पातेलंभर सांबार बाईंकडे पाठवलं. सोमवारी पहाटे मी मोजणीच्या कामाला मोर्शीला गेलो, चार दिवसांसाठी. त्याच दुपारी बाईंना तिवस्याहून फोन आला की भाचीचं बाळंतपण अडलंय, मावशी, तू ये. बाई हिवाळ्यात गाव सोडत नसत, पण बाळंतपणाला कधी नाही म्हणाल्या नव्हत्या. बायको बाजारात गेली होती. बाईंनी घाईघाईनं उरलेल्या सांबाराचं पातेलं आमच्या ओट्यावर आणून ठेवलं, त्याखाली एक चिठ्ठी सरकवली आणि बस पकडली. चिठ्ठी अशी होती:

"सूनबाई, तिवस्याले चालली. सांबार रोज सांजच्याले झाकून ठेवजा. उघडा राहू देऊ नका, थंडीनं खराब होते. पानी जास्त टाकू नका. सकाळी उन्हं आल्यावर उघडून पाहजा, वास घेजा. बिघडला वाटला तं फोन करजा."

पातेल्याखाली ही चिठ्ठी. साताऱ्याची नवी नवरी. तिनं ती तीनदा वाचली आणि तिला भयंकर राग आला. बाकी सगळं सोडा, पण "पानी जास्त टाकू नका"? म्हणजे माझं सांबार पातळ होतं? आणि ते तोंडावर न सांगता चिठ्ठीत लिहायचं? तरी मोठ्या माणसाचा शब्द म्हणून तिनं पातेलं झाकलं. थंडीनं खराब होतं असं लिहिलं होतं म्हणून फ्रीजमध्ये न ठेवता टॉवेलात गुंडाळून ठेवलं, आणि या वऱ्हाडातल्या लोकांचं काही कळत नाही असं मनाशी म्हणत झोपली. मागं अंगणात सहा पेशंट उघड्यावर होते. ते उघडे आहेत हे तिनं पाहिलंही, पण हात लावायचा नाही हा नियम होता.

संध्याकाळी तिवस्याहून बाईंचा फोन आला. "सांबार झाकला का जी?" बायको म्हणाली, "हो, झाकलं." "पानी?" "एक थेंब नाही घातलं," बायको जरा तोऱ्यातच म्हणाली. "शाब्बास," बाई म्हणाल्या. दोघी समाधानानं फोन ठेवून मोकळ्या झाल्या. झाकला आणि झाकलं यांच्यामधल्या त्या एका अनुस्वारात तीन रात्रींची थंडी शिरली. बायकोला वाटलं, वऱ्हाडात सगळंच पुल्लिंगी असतं. आणि मी, हाडाचा वऱ्हाडी, काय करत होतो? मंगळवारी मी फोन केला तेव्हा बायको फणकारून म्हणाली, "तुमच्या घरमालकीणबाईंना माझं सांबार पातळ वाटतं." मी संत्र्याच्या बागेत उभा राहून पोट धरून हसलो आणि म्हणालो, "वाटू दे." त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काही झालं नसतं.

गुरुवारी सकाळी पातेल्यातलं सांबार व्हायचं तेच झालं. बायकोनं उन्हात झाकण काढून सांगितल्याप्रमाणे वास घेतला आणि सांगितल्याप्रमाणे फोन केला. "बिघडलंय वाटतं. आंबूस वास येतोय."

"आंबूस?" बाईंचा आवाज चढला. "सांबार आंबूस कसा होईन?"

"आणि वर फेस आलाय. टाकून देऊ का?"

"खबरदार!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की बायकोच्या हातातलं झाकण पडलं. "हात लावू नका! मी आलीच!"

भाची मोकळी झाली होती, मुलगी झाली होती. बाई तिवस्याहून मिळेल त्या बसनं निघाल्या आणि थैली हातात तशीच धरून सरळ मागच्या अंगणात शिरल्या. मीही मोर्शीहून तेव्हाच पोचलो होतो. सहाही कुंड्यांतली पानं काळी पडून मातीला चिकटली होती. बाई बघत उभ्या राहिल्या. मागून बायको पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, "हे बघा ना, फेस." बाईंनी पातेल्याकडे पाहिलं, कुंड्यांकडे पाहिलं, पुन्हा पातेल्याकडे पाहिलं. मग त्या मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मीही हसलो, आणि बायकोला काय झालं ते समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मला बाईंनी मुलाला दिलेला शब्द आठवला. बायकोला सगळं कळलं तेव्हा ती आत जाऊन जी रडत बसली ती दिवसभर बाहेर आली नाही.

जानेवारीत ठरल्याप्रमाणे मुलगा आला. बाईंनी स्वतः त्याला मागं नेऊन कुंड्या दाखवल्या. तो गंभीर झाला. जिंकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता, हे मी सांगितलंच पाहिजे. त्यानं विचारलं, "झाकायचं राहिलं का? कोणाकडून?" बायको पुढं झाली. "माझ्याकडून. मी—" मी मनात म्हणालो, सुटलो. शब्द होता "माह्या हातून" असा. झाडं बाईंच्या हातून मेलेली नव्हती, बाई तिवस्याला होत्या. साक्षीदार मी होतो आणि साक्ष द्यायला तयार होतो. पण बाईंनी बायकोचा दंड धरून तिला मागं केलं.

"तिची चूक नाई," त्या म्हणाल्या. "ड्यूटी सोडतानी पेशंट दुसऱ्याच्या हाती द्याचा असते तं समोर उभं राहून द्या लागते. ह्या बेडवर हा, त्याले हे अन् हे. मी चिठ्ठी टाकून पळाली. अशी चिठ्ठी माह्या हाताखालच्या पोरीनं टाकली असती तं म्या तिले वॉर्डाबाहेर काढली असती. चूक देनाऱ्या सिस्टरची राह्यते, घेनारीची नाई."

मी म्हणालो, "पण बाई, शब्द तर—"

"तुमी मोजनीवाले, तुमी हद्दी पाहा," त्यांनी मला झटकलं. "माहा शब्द माहा हाय." आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "चालतो मी पुन्याले. पन एक आयकून ठेव. हे मेले असं म्या म्हनलं नाई. पान मेलं म्हंजे झाड मेलं नाई. खाली काय हाय ते तुले दिसत नाई अन् मलेबी दिसत नाई. दिसत नाई तवरोक मी मेल्याच्या कागदावर सही करनार नाई."

दोन दिवसांनी त्या गेल्या. जाण्याआधी मात्र रीतसर चार्ज दिला. बायकोला समोर उभं करून काळी पानं कापून काढली, मुळावर कुटार नि कापूस चढवला, आणि कुंडी नंबर एकपासून सहापर्यंत बोट ठेवून सांगितलं. प्रत्येक कुंडीपाशी बायकोला म्हणायला लावलं, "हा सांबार." हा. ते नाही, हा. सहा वेळा. रिक्षात बसताना त्यांनी घराकडे वळून पाहिलं नाही, आणि मला त्यांचा राग आला. एवढी थंडीशी भांडणारी बाई एका चिठ्ठीपुढं कशी काय हरली, हे मला पटत नव्हतं. घर सुनं झालं होतं. संध्याकाळी वारा सुटायचा आणि त्याला दटावायला कोणी नसायचं.

बायकोनं मात्र दम सोडला नाही. अपराधीपणानं म्हणा, चिडून म्हणा, ती रोज पाचला मातीनंच भरलेल्या त्या सहा कुंड्यांवर डाली घालत असे. गल्लीतल्या बायका हसत. "काय झाकून राह्यल्या जी, माती?" ती म्हणे, "हो, माती." आणि झाकत असे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती मला हाका मारत सुटली. चौथ्या नंबरच्या कुंडीत कुटार बाजूला सारून करंगळीच्या नखाएवढं हिरवं काहीतरी वर आलं होतं. मी म्हणालो, गवत असेल. तिनं मला ढकललं आणि पुण्याला फोन लावला. पलीकडून बाईंचा एकच प्रश्न आला. "कडेले दाते हायेत का पानाच्या?"

"आहेत," बायको म्हणाली, आणि लगेच सुधारून म्हणाली, "हायेत जी, दाते हायेत."

"मंग मेला नवता," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या गाडीनं बाई हजर. मुलानंच तिकीट काढून बसवून दिलं होतं. त्यानं मला फोनवर सांगितलं, "भाऊ, तिकडे तिला काही कमी नव्हतं. गॅलरीत ऊन होतं, नातवंडं होती. पण ती दिवसभर पाहुण्यासारखी पदर सावरून बसायची. माझी आई अशी बसलेली मला बघवेना." बाईंनी थैली ठेवली, चौथ्या कुंडीपाशी उकिडव्या बसल्या, चष्मा पुसला आणि पान पाहिलं. आम्हाला वाटलं, आता काहीतरी ठणकावून बोलतील. पण बायकोचा हात धरून त्या हळूच म्हणाल्या, "एक हिवाळा भेटला, सूनबाई." त्यांना इतक्या हळू बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढं माझी बदली परत अकोल्याला झाली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाई ऐंशीच्या घरात आहेत. मुलगा हिवाळ्यात पंधरा-वीस दिवस लॅपटॉप घेऊन आईकडे येऊन राहतो. पुण्याचा विषय कोणी काढत नाही. थंडी पडली की बायको अकोल्याहून फोन लावते. तब्येत विचारलेली त्यांना चालत नाही, "मी काय पेशंट हाय का?" म्हणून फोन आपटतात. म्हणून ती सांबाराची खबर विचारते, आणि त्या जे सांगतात त्यावरून त्यांचं कसं चाललंय हे आम्ही समजून घेतो. गेल्या आठवड्यात तिनं असंच विचारलं, आणि फोन माझ्याही कानाशी धरला. पलीकडून आधी खोकल्याचा आवाज आला, मग वाऱ्याचा, म्हणजे बाई मागच्या अंगणातच होत्या. "पानं बारीक झाले जी यंदा," त्या म्हणाल्या. "पन हायेत."